दुरंगी गुलाब फिका का पडला? जागा, ऊन आणि पुण्यातलं गुलाबाचं वर्ष

वारज्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या रो-हाऊसपुढे दहा बाय सहा फुटांची बाग आहे. दक्षिणेला शेजारच्यांची आठ फुटी भिंत, पूर्वेची बाजू मोकळी. गेल्या जानेवारीत त्यांनी ‘डबल डिलाइट’चं कुंडीतलं रोप आणलं, तेव्हा त्यावर दुधी पाकळ्यांचं, लालचुटूक कडांचं टपोरं फूल होतं. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर ते भिंतीपासून दीड फुटावर जमिनीत लावलं. आता डिसेंबरात फुलं येताहेत, पण जवळजवळ पांढरी, कडेला पुसट गुलाबी झाक. शिवाय बुडातून एक लांबसडक फांदी वर आली आहे आणि तिला कळीच नाही. रोपवाटिकेने फसवलं का, रंगासाठी कोणतं खत घालावं, आणि त्या फांदीचं काय करावं, असं त्यांनी विचारलंय.

ताई, फसवणुकीची शंका आधी मनातून काढून टाका. सकाळी ऊन चढायच्या आत त्या फिक्या फुलाचा वास घेऊन बघा. गोड आणि थोडा मसालेदार, खोलवर जाणारा वास आला तर झाड ‘डबल डिलाइट’च आहे. या जातीचा वास रंगावर अवलंबून नसतो. फूल दुधी राहो की लाल होवो, सुगंध तोच. आणि रंगासाठी कुठलंही खत घालू नका. या जातीचा लाल रंग उन्हातून येतो, खतातून नाही. तुमच्या झाडाला ऊन मिळत नाहीये, आणि सावली भिंतीची आहे.

तुम्ही म्हणाल, जागा तर भरपूर उन्हाची बघून निवडली होती. होय, मे-जूनमध्ये ती तशीच असणार. पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्यालाच आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. त्या दिवसांत भिंतीच्या पायथ्यालासुद्धा लख्ख ऊन पडतं. पण दसऱ्यानंतर सूर्य दक्षिणेकडे कलत जातो आणि डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. आठ फुटी भिंतीची सावली तेव्हा सव्वासात फूट लांब पडते. तुमची बाग सहाच फूट रुंद आहे, म्हणजे जमिनीवर दुपारचं ऊन कुठेच टेकत नाही. भिंतीपासून दीड फुटावर सावली जमिनीपासून सहा फुटांहून वर पोचते, तुमचं तीन फुटी झाड तिच्यात पूर्ण बुडालेलं आहे. हेच गणित बागेच्या उत्तर कडेला करून बघा. तिथे सावलीची उंची उरते फक्त सव्वा ते दीड फूट, म्हणजे झाडाचा वरचा निम्मा भाग उन्हात. ईशान्येचा कोपरा तर सर्वांत चांगला, कारण पूर्वेची बाजू मोकळी असल्यामुळे सकाळचं तिरपं ऊन भिंतीला वळसा घालून तिथे पोचेल.

पुण्यात गुलाबाचा खरा बहर हिवाळ्यात असतो, म्हणून गुलाबाची जागा हिवाळ्याच्या उन्हात बघूनच ठरवावी. नवी जागा ठरवणाऱ्यांनी डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी नऊ, अकरा, एक आणि तीन वाजता सावलीच्या कडेवर खडूने रेघ मारावी. किमान पाच तास थेट ऊन जिथे पडतं तिथेच हायब्रिड टी, म्हणजे ‘डबल डिलाइट’सारखा मोठ्या फुलांचा गुलाब, लावावा. त्यात सकाळचं ऊन असेल तर फारच उत्तम, कारण पानांवरचं दव लवकर वाळतं.

आता हा लाल रंग येतो कसा, ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील. ‘डबल डिलाइट’ कॅलिफोर्नियातल्या स्विम आणि एलिस या संकरकारांनी तयार केला, तो 1977 मध्ये बाजारात आला आणि 1985 मध्ये जागतिक गुलाब महासंघाने त्याला आपल्या मानाच्या यादीत घेतलं. त्याचे आईबाप ‘ग्रॅनाडा’ आणि ‘गार्डन पार्टी’. ‘गार्डन पार्टी’ हे ‘पीस’चं अपत्य, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या बागांत हमखास दिसणारा तो पिवळा, गुलाबी कडांचा ‘पीस’ याचा आजा लागतो. कडा रंगण्याची सवय या घराण्यात आहे. कळी उमलते तेव्हा पाकळी मुळात दुधीच असते. मग उन्हातले अतिनील किरण पाकळीवर पडतात तसतसा पेशींमध्ये अँथोसायनिन नावाचा लाल रंग तयार होत जातो. पाकळीचा जेवढा भाग उघडा, तेवढाच रंगतो. म्हणून आधी कडा लाल होतात, मधला भाग मागे राहतो आणि दुसऱ्या पाकळीखाली झाकलेली जागा शेवटपर्यंत दुधी राहते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेच फूल निम्म्याहून जास्त लाल झालेलं दिसतं. एकाच झाडावर एकाच वेळी तीन वेगळ्या रंगांची फुलं दिसतात ती यामुळेच, आणि मला या जातीचं सगळ्यात मोठं सौंदर्य हेच वाटतं. दोन फुलं कधी सारखी नसतात.

हे कळलं की आणखी एका तक्रारीचा उलगडा होतो. अनेक जण घट्ट कळी तोडून घरात फुलदाणीत ठेवतात आणि ती पांढरट उमलली म्हणून हिरमुसतात. खिडकीची काच अतिनील किरणांचा बराच भाग अडवते, त्यामुळे घरात उमललेल्या कळीला रंग चढत नाही. या जातीचं फूल फांदीवरच एक-दोन दिवस उन्हात राहू द्यावं आणि मगच तोडावं. तळेगाव-मावळातल्या हरितगृहांत याच्या बरोबर उलटी गरज असते. तिथल्या लाल गुलाबांच्या पाकळ्या थंडीत काळवंडू नयेत म्हणून अतिनील किरण अडवणारा प्लास्टिकचा कागद छतावर घालतात. बाल्कनीत काच किंवा पॉलिकार्बोनेटच्या पत्र्याखाली ‘डबल डिलाइट’ ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. उजेड कितीही असला तरी त्या पत्र्याखाली तो मनासारखा रंगणार नाही.

सगळेच दुरंगी गुलाब मात्र असे उन्हावर अवलंबून नसतात, आणि छोट्या बागेसाठी जात निवडताना हा फरक फार कामाचा आहे. दुसरा प्रकार असतो पाकळीच्या दोन अंगांचा. आतून लाल आणि पाठीमागून पांढरा ‘ओसिरिया’ किंवा ‘लव्ह’, आतून शेंदरी-लाल आणि पाठीमागून पिवळा ‘पिकॅडिली’, आणि ‘पीस’वरच आपोआप निपजलेला, आतून किरमिजी लाल व पाठीमागून पिवळसर ‘क्रोनेनबर्ग’. यांचे दोन रंग कळी उमलतानाच ठरलेले असतात. उन्हाने ते कमी-जास्त गडद होतील, पण पाकळीची पाठ लाल होणार नाही. ज्यांच्याकडे चारच तास ऊन येतं त्यांनी या गटातला गुलाब बघावा. तिसरा प्रकार पट्ट्यापट्ट्यांचा. आपल्या दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘अभिसारिका’ ही अशी पट्टेदार जात आहे. ‘किस ऑफ फायर’ या जातीत कृत्रिम उत्परिवर्तन घडवून ती मिळवली. पट्टेदार जातींत अधूनमधून एखादी फांदी साध्या एकरंगी फुलांवर परत जाते. अशी फांदी दिसली की बुडापासून कापावी, नाहीतर तीच जोर धरते.

या पिवळ्या-तांबूस रंगांबरोबर एक दुखणंही घराण्यात आलं आहे. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या पेर्ने-द्युशे यांनी पश्चिम आशियातल्या पिवळ्या रानगुलाबाचा संकर करून 1900 मध्ये ‘सोलेय दोर’ आणला आणि त्यानंतर बागेतल्या गुलाबांत गडद पिवळा, शेंदरी आणि या दोन्ही रंगांचे मिश्रण असलेल्या जाती भराभर आल्या. पण त्याच रानगुलाबाकडून पानांवरचे काळे ठिपके सहज लागण्याचा नाजूकपणाही आला. म्हणून पुण्याच्या पावसाळ्यात एकरंगी गुलाबी झाड हिरवंगार उभं असतं आणि शेजारचं पिवळं-लाल झाड निष्पर्ण होतं. आपलं काही चुकलं असं समजून मन खट्टू करू नका.

आता ती लांबसडक फांदी. तिच्यावर कात्री चालवायच्या आधी माती थोडी बाजूला करून ती कुठून निघाली आहे ते बघा. आपल्याकडचे बहुतेक गुलाब डोळा भरून केलेली कलमं असतात. खाली रानटी गुलाबाचा खुंट आणि त्यावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे फुटव्याचा अंकुर. जिथे दोन्ही जुळतात तिथे गाठीसारखा फुगवटा दिसतो. फांदी त्या गाठीच्या खालून किंवा जमिनीतून मुळावरून आली असेल तर ती खुंटाची. तिला ठेवलंत तर वर्षभरात ती मूळ कलमाचा जीव घेते. ती वरच्यावर कापू नका, कापलेल्या जागी दोन फुटतात. माती उकरून जिथून फुटली तिथे घट्ट धरून खाली ओढून उपटा, म्हणजे तिच्या बुडाचे डोळेही निघून येतात. पण फांदी गाठीवरून किंवा गाठीतूनच निघाली असेल तर तिला हातही लावू नका. जाडजूड, तांबूस, झपाट्याने वाढणारी ही नवी फांदी म्हणजे झाडाची पुढच्या तीन-चार वर्षांची ठेव असते. ती दोन फूट झाली की शेंडा खुडा, म्हणजे तिला बाजूच्या फांद्या फुटतील आणि त्यांना फुलं येतील. पाच पानांची रानटी आणि सात पानांची चांगली, किंवा याच्या उलट, असे ठोकताळे लोक सांगतात. त्यांवर विसंबू नका. फांदी कुठून फुटली, हीच एक खूण खरी.

झाड हलवायचं असेल तर तुम्हाला आताच वेळ चांगली आहे. थंडी आहे, झाड जमिनीत येऊन सहाच महिने झालेत आणि मुळं अजून फार दूर गेलेली नसणार. नव्या जागी आधी खड्डा तयार ठेवा, दीड ते दोन फूट लांब, रुंद आणि खोल. रो-हाऊसच्या पुढच्या जागेत वरची चार बोटं माती आणि खाली बांधकामाचा राडारोडा निघणं हे पुण्यात नित्याचं आहे. सिमेंट-चुन्याचे ते तुकडे सगळे काढा, कारण आपली काळी माती मुळातच चुनखडीची, तिच्यात चुन्याची भर पडली की गुलाबाला लोह मिळत नाही. खड्ड्यात पाणी ओतून बघा. तासाभरात जिरलं नाही तर तळाशी विटांचे तुकडे आणि मुरूम घालून जागा जमिनीपासून वीतभर उंच करून घ्या. तुमच्या बाबतीत उंचवटा दुहेरी उपयोगाचा आहे, झाड सावलीतून तेवढंच वर येईल. भरायला निम्मी पोयट्याची किंवा लाल माती, पाव हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत आणि पाव हिस्सा जाडसर वाळू किंवा मुरूम. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड आणि एक मूठ सुपर फॉस्फेट. हाडांचा चुरा घालायची प्रथा आहे, पण चुनखडीच्या मातीत त्यातला स्फुरद झाडाला फारसा मिळत नाही, म्हणून काळ्या मातीवाल्यांना मी सुपर फॉस्फेटच सांगतो.

झाडाच्या फांद्या निम्म्या छाटा, आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या आणि मुळाभोवतीचा मातीचा गोळा न फोडता संध्याकाळी हलवा. कलमाची गाठ मातीच्या दोन बोटं वर राहिली पाहिजे. थंड देशांत ती पुरतात, कारण तिथे बर्फापासून जपायचं असतं. आपल्या ओल्या पावसाळ्यात पुरलेली गाठ कुजते आणि कलमालाही खालून मुळं न फुटता खुंटालाच फुटवे येतात. पहिले आठ दिवस दुपारी जुन्या ओढणीची सावली करा, मग काढा.

ज्यांना जमिनीत जागाच नाही त्यांनी चौदा इंची कुंडी घ्यावी, बारापेक्षा लहान नको. उरुळी कांचनच्या बाजूच्या आणि शहरातल्याही अनेक रोपवाटिकांतली रोपं चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात येतात. तो गोळा तसाच कुंडीत बसवला तर पाणी बाजूने निघून जातं आणि गोळा आतून कोरडा राहतो. तासभर पाण्यात बुडवून कडेची माती हलक्या बोटांनी सुटी करावी आणि मगच रोप लावावं.

पाण्याबद्दल थोडंसं. खडकवासल्याचं महापालिकेचं पाणी गुलाबाला मानवतं. बोअर किंवा टँकरच्या पाण्यात क्षार असतील तर काही महिन्यांत कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. ही लोहाची कमतरता. आपल्या मातीत साधं हिराकस (फेरस सल्फेट) टाकून ते पुरेसं लागू पडत नाही. चुनखडीच्या मातीसाठी ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मिळतं, ते पाकिटावरच्या प्रमाणात मुळाशी द्या. जुनी, खालची पानं शिरांमध्ये पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियम कमी आहे, त्याला लिटरला दोन-तीन ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी पुरते. पाणी नेहमी मुळाशी आणि सकाळीच.

आता सर्वांत महत्त्वाचं काम, ऑक्टोबरची छाटणी. पुण्यात सगळं गुलाबाचं वर्ष तिच्यावर उभं आहे. परतीचा पाऊस पुरता गेल्याची खात्री होईपर्यंत थांबा, कारण ओल्या हवेत केलेल्या कापातून शेंडेमर शिरते, फांदी वरून काळी पडत खाली वाळत येते. बहुतेक वर्षी ऑक्टोबरचा मध्य ते दिवाळी ही वेळ बरोबर ठरते. मेलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आत वळलेल्या फांद्या आधी काढा. उरलेल्या तीन-पाच जोमदार फांद्या गुडघ्याच्या किंचित वर, दीड-दोन फुटांवर आणा. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका, धारदार सिकेटरने. काप आतून पांढरा-हिरवा दिसला पाहिजे. मधोमध तपकिरी दिसला तर आणखी खाली या. प्रत्येक कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावा. ‘पीस’ आणि त्याच्या घराण्यातल्या जातींना फार खोल छाटणी सोसत नाही, त्या रुसतात आणि महिनोन्‌महिने नुसती पानंच देतात. म्हणून ‘डबल डिलाइट’ मध्यमच छाटावा, अर्ध्याहून जास्त नको.

छाटणीपासून साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत फूल उमलतं, थंडी जास्त असेल तर पंचावन्न-साठही लागतात. एम्प्रेस गार्डनमधलं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन डोळ्यांपुढे ठेवून फुलं तयार करणारे पुणेकर कॅलेंडरवर उलटे दिवस मोजतात, आणि दोन-तीन झाडं असतील तर आठ-दहा दिवसांच्या अंतराने छाटतात. घरच्या बागेतही तसं करून बघा, एकाच वेळी सगळं फुलून संपून जाण्यापेक्षा फुलं महिनाभर पुरतात. प्रत्येक दांड्याच्या टोकाला मधली एक कळी ठेवून बाजूच्या बारीक कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडल्या तर फूल मोठं होतं आणि उन्हात नीट उघडतं. फूल तोडताना किंवा वाळलेलं काढताना पाच पानांच्या पहिल्या चांगल्या, बाहेर तोंड असलेल्या पानावर कापा. नुसतं फूल चिमटीने तोडलं तर खालून येणारा फुटवा दुबळा निघतो.

खताचं तुम्ही विचारलं होतं म्हणून तेही सांगतो. छाटणीनंतर एक घमेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळा. नवी फूट दोन-तीन इंचांची झाली की पंधरवड्याने एकदा 19:19:19 हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला दोन ग्रॅम, मुळाशी. कळ्या दिसल्या की थांबवा. एवढं पुरतं. जास्त नत्राने लुसलुशीत फूट येते आणि तीच भुरीचं, म्हणजे पानांवर पिठूळ थर आणणाऱ्या रोगाचं, पहिलं भक्ष्य ठरते. पोटॅशने रंग चढतो म्हणून ‘डबल डिलाइट’ला पोटॅश घालणारे भेटतात. सावलीत ठेवलेल्या झाडाला त्याने काही होत नाही.

किडी-रोगांत या जातीची दोन दुखणी पुण्यात नक्की येतात. पहिलं फुलकिडे. फिक्या पाकळ्यांकडे ते जास्त धावतात, पाकळ्यांच्या कडा खरचटल्यासारख्या तपकिरी होतात आणि कळी अर्धवट उमलून थांबते. फिकं फूल बघून तुम्हाला रोग वाटला असेल तर पाकळी पांढऱ्या कागदावर झटकून बघा. बारीक पिवळसर, सरपटणाऱ्या रेषा दिसल्या तरच फुलकिडे समजा. कळी मटारएवढी असल्यापासून आठवड्याने निंबोळी तेल लिटरला पाच मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात मिसळून, संध्याकाळी फवारा. निळे चिकट सापळे झाडाच्या उंचीवर टांगा आणि खराब फुलं झाडाखाली टाकू नका, कारण फुलकिड्यांचे कोष मातीत असतात. उमललेल्या फुलावर मात्र काहीच फवारू नका, दुधी पाकळीवर डाग पडतो तो जात नाही.

दुसरं भुरी. डिसेंबर ते फेब्रुवारी, दिवसा कोरडं ऊन आणि रात्री गारठा, अशा हवेत कोवळ्या पानांवर पिठूळ थर येतो. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम सकाळी फवारलं की आटोक्यात येते. गंधक आणि तेल यांच्या फवारणीत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं भाजतात. पारा बत्तीसच्या वर गेला की गंधक बंद.

पावसाळ्यातल्या काळ्या ठिपक्यांवर उपाय मुख्यतः हवेचा आहे. पान सलग सात तासांच्या आसपास ओलं राहिलं की या बुरशीला आत शिरायला वाव मिळतो, म्हणून खालची जमिनीला टेकणारी पानं जूनच्या सुरुवातीलाच काढा, हलकी छाटणी करून झाड मधून मोकळं करा, पडलेली पानं रोज उचला. पाऊस उघडल्या दिवशी मॅन्कोझेब लिटरला दोन ग्रॅम. तुमच्याकडे भिंतीजवळ हवा कोंडत असणार, उत्तर कडेला गेल्यावर हाही त्रास कमी होईल. मार्चनंतर पानांच्या मागे लाल कोळी येतो, त्यावर पाण्याचा जोराचा फवारा पानांच्या खालच्या बाजूने तीन दिवसांआड मारला तर बहुधा औषध लागत नाही.

एप्रिल-मेमध्ये या झाडाकडून फुलांची अपेक्षा ठेवू नका. ऊन भरपूर असतं, पण उष्णतेने कळी एका सकाळीत उघडते, पाकळ्या कमी भरतात आणि दुपारपर्यंत कडा करपतात. त्या दोन महिन्यांतल्या कळ्या खुडून टाका, बुडाशी उसाचं पाचट किंवा वाळक्या पानांचा वीतभर थर द्या आणि झाडाला फक्त जगू द्या. गच्चीवर कुंड्या असतील तर त्या एकमेकींना चिकटून ठेवा. कुंडीच्या भिंती तापल्या की मुळं आतून भाजतात.

या आठवड्यात झाड ईशान्येच्या कोपऱ्यात नेलंत तर येणाऱ्या पहिल्या कळ्या खुडा, मुळं धरू देत. फेब्रुवारीच्या मध्यापासून जी फुलं येतील ती ठेवा. आणि फूल उमललेल्या दिवशी रंगाचा निकाल लावू नका, दुसऱ्या दिवशी दुपारी बघा.